पांढरीपांड्यांचा ब्रेक

कृष्णकांत पांढरीपांडे यांनी आयुष्यात कुठल्याही कागदावर नुसती सही केली नव्हती. पाटबंधारे खात्यात चौतीस वर्षं काढली आणि समोर आलेल्या प्रत्येक कागदावर सहीच्या आधी शेरा मारला. ‘पाहिले, परंतु असहमत.’ ‘वाचले, खुलासा मागवावा.’ एकदा तर एका सहकाऱ्याच्या मुलीच्या लग्नपत्रिकेवर ‘मुहूर्ताची वेळ तपासून घ्यावी’ असं लिहून त्यांनी ती परत पाठवली होती. मुहूर्त खरोखरच चुकीचा छापलेला निघाला आणि त्या घराने त्यांच्याशी कायमचं बोलणं टाकलं. माणसाला बरोबर असण्याची किंमत मोजावी लागते, असं ते तेव्हापासून इंदुताईंना सांगत आले होते. इंदुताई त्यांच्या पत्नी, म्हणजे त्यातली बरीचशी किंमत त्यांनीच मोजली होती.

निवृत्तीनंतर शेरे मारायला सोसायटीची परिपत्रकं तेवढी उरली. शिपाई ती घरोघर फिरवी, लोक न वाचता सही करत आणि पांढरीपांड्यांच्या दारात शिपाई खाली बसून घेई, कारण तिथे वेळ लागणार हे त्याला ठाऊक होतं.

गेल्या पावसाळ्यात मात्र एक गोष्ट अशी घडली की शेरा पुरेना. कृष्णकांतराव इंदुताईंना घेऊन भाजी आणायला गेले होते. परत येताना सोसायटीच्या फाटकातून गाडी आत वळवली, समोर खांब दिसला, त्यांनी ब्रेक दाबला, आणि गाडी थांबायच्या ऐवजी मुसंडी मारून खांबावर गेली. ब्रेक दाबला होता याबद्दल त्यांच्या मनात तिळमात्र शंका नव्हती. चौदा वर्षं तीच गाडी, एकही ओरखडा नाही. ‘ड्रायव्हर ब्रेकवरून ओळखावा, पळवता कोणालाही येतं,’ हे त्यांचं वाक्य घरातल्या भिंतींनासुद्धा पाठ होतं. तेव्हा ब्रेक निकामी झाला असणार, किंवा खांब पुढे आलेला असणार. गॅरेजवाल्याने ब्रेक ठणठणीत असल्याचं सांगितल्यावर खांब उरला.

त्या धडकेत इंदुताईंचं उजवं मनगट मोडलं. सहा आठवडे प्लास्टर होतं. ‘तिने उगाच हात पुढे केला,’ असं कृष्णकांतराव भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला सांगत आणि इंदुताई डाव्या हाताने पाण्याचा पेला पुढे करत.

पुष्कर, त्यांचा एकुलता एक मुलगा, पुण्याहून धावत आला. “बाबा, आता पुरे,” एवढंच म्हणाला आणि दोन दिवसांत गाडी विकली. कामठीहून एक माणूस आला, त्याने कृष्णकांतरावांच्या देखत गाडी रिव्हर्समध्ये घेतली आणि त्याच खांबाच्या बाजूने, एका हाताने, मोबाइलवर बोलत बोलत काढून नेली. हे दृश्य त्यांच्या छातीत काट्यासारखं रुतून बसलं. डॉक्टरांनी साखरेमुळे पायांची जाणीव कमी झाल्याचं लिहून दिलं होतं, त्या कागदाच्या मागे त्यांनी ‘पुराव्याअभावी अमान्य’ असं लिहिलं. आता एक चप्पल जिन्यातच राहून जाई आणि ते एका पायात चप्पल घालून फाटकापर्यंत जात, हे खरं. पण ते चप्पलच सैल असल्यामुळे.

खांबाविरुद्ध त्यांनी पुढच्या काही महिन्यांत अकरा अर्ज केले. खांब मंजूर नकाशापेक्षा चार इंच पुढे आहे असा त्यांचा दावा होता. नकाशाची प्रत मिळवायला एका कचेरीत गेले, तिथे सांगितलं की नकाशा दुसऱ्या कचेरीत आहे. दुसऱ्या कचेरीने विचारलं, खांब कोणाच्या मालकीचा? सोसायटीचा, तर मग सोसायटीचं पत्र आणा. सोसायटीचे सचिव प्रेमानंद ठवकर तळमजल्यावर राहत. त्यांनी सातव्या अर्जावर तोंड उघडलं.

“पांढरीपांडे साहेब, आमी बत्तीस घरं त्या खांबाच्या बाजूनं गाड्या काढून राहिलो. तो आमाले नाई लागत. तुमालेच काहून लागला?”

अशा प्रश्नाला सुसंस्कृत माणूस काय उत्तर देणार? कृष्णकांतरावांनी आठवा अर्ज दिला.

डिसेंबरात ते चष्म्याची काडी बदलायला सीताबर्डीला गेले. काडी बदलली आणि पाय आपोआप त्या गल्लीकडे वळले जिथे पस्तीस वर्षांपूर्वी एक व्हिडिओ पार्लर होतं. तिथे बसून चालवायचं एक मोटारीचं यंत्र होतं. लाल सीट, स्टिअरिंग, पायाशी दोन पेडल. ‘ग्रंथालयात जातो’ असं सांगून तरुण कृष्णकांत ऑफिस सुटल्यावर तिथे जात आणि त्या यंत्राच्या पडद्यावर सर्वांत वरच्या ओळीत त्यांच्या नावाची तीन आद्याक्षरं सलग पाच महिने झळकली होती. त्यांच्या आयुष्यातलं ते एकमेव पहिलं स्थान. खात्यात ज्येष्ठता यादीत ते कायम चौथे राहिले.

पार्लरच्या जागी आता मोबाइलची कव्हरं लटकत होती. पण शेजारच्या गाळ्यात जुने कॉम्प्युटर विकणारा अंकित नावाचा एक तिशीतला माणूस बसला होता आणि त्याच्या एका पडद्यावर चक्क तोच रस्ता, तीच लाल गाडी, त्याच ताडाच्या झाडांमधून पळत होती. कृष्णकांतराव तिथेच थबकले.

“आवडलं का काका?” अंकितने विचारलं. “आजकाल लोक घरी मशीन बनवून राहिले. दोन बाय दोन फुटांत बसते. कॉम्प्युटर, पडदा आणि गेम मी देतो. लाकडाचा ढाचा तेवढा तुम्ही बनवून घ्या.”

त्या क्षणी कृष्णकांतरावांच्या डोक्यात जे आलं तो खेळ नव्हता. ते निर्दोषत्वाचं प्रमाणपत्र होतं. पुष्कर गुढीपाडव्याला यायचा होता. तोवर यंत्र उभं करायचं, त्याच्यासमोर बसून वळणावळणाला ब्रेक लावत गाडी चालवून दाखवायची, आणि पुष्करने स्वतःच्या तोंडाने म्हणायचं, ‘बाबा, मी चुकलो.’ मग गाडी. नवी नको, जुनी चालेल, पण स्वतःची.

त्यांनी घरी येऊन आलेखाच्या कागदावर नकाशा काढायला घेतला. दिवाणखान्यात टीव्ही आणि खिडकी यांच्या मधला सव्वीस इंचांचा कोपरा मुक्रर झाला. यंत्राची रुंदी बावीस इंच, दोन्ही बाजूंना दोन-दोन इंच मोकळे.

इंदुताईंनी कागद बघितला. “अहो, ही कूलरची खिडकी आहे.”

“आत्ता थंडी आहे.”

“आत्ता आहे. नागपुरात राहता नं तुम्ही?”

त्यांनी नकाशावर ‘कूलरबाबत नंतर विचार करण्यात येईल’ असं लिहिलं. सरकारी खात्यात ज्या गोष्टीवर हे वाक्य पडतं तिचा विचार पुढे कधी होत नसतो, हे दोघांनाही माहीत होतं.

पहिला वाद अंकितशीच झाला. त्याच्याकडे तयार असलेल्या संचात एकच पेडल होतं. “ब्रेक कुठे आहे?” कृष्णकांतरावांनी विचारलं.

“काका, पहिल्या रस्त्यावर ब्रेक लागतच नाही. कोणीच नाही मारत. ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून ठेवायचा आणि स्टिअरिंग सांभाळायचं, मस्त स्कोर येते.”

“ब्रेक न लावता चालवायला मी काय चोर आहे?”

आसपासची दोन-तीन गिऱ्हाइकं वळून बघू लागली. अंकितने समजूत घातली, सोपा रस्ता सांगितला, शेवटी हात टेकले आणि दोन पेडलांचा संच दिल्लीहून मागवला. तो संच वाडीच्या एका ट्रान्सपोर्ट गोदामात येऊन पडेल, काकांनी तिथून उचलावा असं ठरलं. पुढे जे झालं ते सगळं या ब्रेकच्या हट्टापायी झालं. एका पेडलवर समाधान मानलं असतं तर निदान वाडीच्या गोदामाचे हेलपाटे तरी वाचले असते.

गोदामातल्या बाबूने पावती वाचली. त्यावर ‘स्टिअरिंग एक, ब्रेक एक, ॲक्सिलरेटर एक’ असं लिहिलेलं होतं.

“गाडीचे पार्ट आहेत,” तो म्हणाला. “आरसी आणा. आजकाल चोरीचा माल लय येऊन राहिला, बिना कागदाचा आमी सोडत नाई.”

“ही खरी गाडी नाही. खेळातली आहे.”

“मंग तुमची खरी गाडी कोनती?”

“माझ्याकडे गाडी नाही.”

बाबूने पहिल्यांदा मान वर करून त्यांच्याकडे नीट बघितलं. “गाडी नाई त स्टिअरिंग काहून पायजे तुमाले?”

मागे रांगेत उभे असलेले ट्रकवाले हसले नाहीत, हे त्यातल्या त्यात वाईट. ते गंभीरपणे उत्तराची वाट बघत होते. कृष्णकांतराव भर दुपारी अमरावती रोडवरच्या धुळीत बाहेर आले आणि बसस्टॉपवर उभे राहून त्यांनी त्या प्रश्नाची नऊ उत्तरं तयार केली. एकही बरं नव्हतं.

दुसऱ्या खेपेला ते विकलेल्या गाडीच्या आरसीची झेरॉक्स घेऊन गेले. गाडी विकल्यापासून ती त्यांच्या कपाटात, पुष्करच्या पाचवीच्या प्रगतिपुस्तकाशेजारी ठेवलेली होती. बाबू ती घेऊन शिक्का मारणार इतक्यात कृष्णकांतरावांचा हात शिवशिवला. त्यांनी कागद मागून घेतला आणि खाली लिहिलं, ‘सदर वाहन सध्या अर्जदाराच्या ताब्यात नाही.’ बाबूने ते वाचलं, शिक्का खाली ठेवला आणि म्हणाला, “आता त मी मारूच शकत नाई. तुमीच लिहून देल्लं.”

चौथ्या खेपेला बाबू जेवायला गेला होता. हमालाला कागदाशी देणंघेणं नव्हतं. त्याने खोकं काढून त्यांच्या हातात दिलं आणि ते ऑटोत बसून, मांडीवर खोकं धरून, चोरासारखे घरी आले.

तोवर लाकडाचा ढाचा कामठीला तयार होत होता. तिथल्या दादाजी नावाच्या सुताराचं नाव समोरच्या फ्लॅटमधल्या यमुताईंनी सुचवलं होतं. ‘हात सोन्याचा आहे, चाळीस वर्षं एकच काम करतोय,’ असं त्या म्हणाल्या होत्या. कोणतं काम, हे विचारायचं कृष्णकांतरावांना सुचलं नाही. त्यांनी नकाशाची रंगीत प्रत दिली. दादाजीने ती उलटसुलट बघितली, कानामागची पेन्सिल काढली, ‘समजलं साहेब’ म्हणाला आणि महिनाभर फोन उचलला नाही.

मार्चच्या पहिल्या आठवड्यात तो मालवाहू ऑटो घेऊन आला. वरचं कापड बाजूला केलं, आणि कृष्णकांतराव खुर्चीत बसले.

मापं अचूक होती. बावीस इंच म्हणजे बावीस इंच. पडद्यासाठी चौकट, पुढे स्टिअरिंगची फळी, खाली पेडलांचा पाट, सगळं नकाशाबरहुकूम. फक्त चौकटीच्या दोन्ही बाजूंना नक्षीदार खांब होते, त्यांच्यावर महिरप होती, महिरपीवर शिखर होतं आणि शिखरावर पितळी कळस होता. स्टिअरिंगच्या फळीखाली उदबत्तीसाठी एक छोटा खण होता, तो नकाशात नव्हता.

“दादाजी, हे देवघर आहे.”

“मंग?” दादाजी म्हणाला. “तुमी त तेच काढून देल्लं होतं. मानसानं समोर बसाचं, डोळे वरती लावाचे, दोन्ही हात पुढे धराचे. चाळीस वर्षं झाले मले, साहेब, मी आनखी कशासमोर असा मानूस बसलेला नाई पायला.”

“हा कळस कापून टाका.”

दादाजीने करवत पिशवीत ठेवून पिशवीला गाठ मारली. “कळसाले करवत लावत नाई मी. तुमाले लावाची असन त तुमी लावा. मी पायरीवर बसतो तवर.”

कृष्णकांतराव नास्तिक नव्हते, आस्तिकही फारसे नव्हते, पण करवत घेऊन कळसासमोर उभं राहायचं म्हटल्यावर त्यांचा हात पुढे झाला नाही. कळस राहिला. यमुताई बघायला आल्या, दारातच पायांतल्या चपला काढून हात जोडते झाल्या आणि म्हणाल्या, “सुंदर झालंय हो, पण तोंड पूर्वेला हवं.” इंदुताईंनी मान डोलावली. यंत्र पूर्वेकडे फिरवलं, तेव्हा लक्षात आलं की विजेचा बोर्ड पश्चिमेच्या भिंतीवर आहे. मग दिवाणखान्यातून अशी एक वायर गेली की तिच्यात अडकून घरातलं प्रत्येक माणूस दिवसातून एकदा यंत्रापुढे गुडघे टेकू लागलं.

पांढरीपांड्यांकडे नवं देवघर आलं ही बातमी यमुताईंनी संध्याकाळपर्यंत चौथ्या मजल्यापर्यंत पोचवली. दुसऱ्या दिवशी सचिव ठवकर सपत्निक दर्शनाला आले. त्यांनी हातातला नारळ ठेवायला वाकून बघितलं, तर देवाच्या जागी काळा पडदा आणि नैवेद्याच्या जागी स्टिअरिंग. नारळ त्यांनी परत नेला आणि तिसऱ्या दिवशी परिपत्रक फिरलं. सदनिका क्रमांक सातमध्ये खेळाचं यंत्र बसवून व्यवसाय सुरू होत असल्याची तक्रार आली आहे, सभा रविवारी गच्चीवर.

सभेत कृष्णकांतरावांनी फाइल उघडून वीस मिनिटं निवेदन केलं. यंत्र घरगुती आहे, आवाज मर्यादित आहे, वीज एका मिक्सरपेक्षा कमी लागते. सगळं मुद्देसूद. सगळं बरोबर. ठवकरांनी शांतपणे ऐकून घेतलं.

“आमची काही हरकत नाई, साहेब,” ते म्हणाले. “घरातल्या घरात तुमी किती बी चालवा. उलट बरंच हाये. तिथं खांब त नाई नं?”

गच्चीवर हशा उसळला. यमुताईसुद्धा पदराआड हसल्या. कृष्णकांतरावांनी इंदुताईंकडे बघितलं. त्या हसत नव्हत्या, डाव्या हाताने उजवं मनगट चोळत होत्या. कृष्णकांतरावांनी परवानगीच्या कागदावर ‘अपमानास्पद भाषेची नोंद घेऊन स्वीकृत’ असं लिहिलं आणि ते खाली आले. जिना उतरताना त्यांचे डोळे भरून आले होते आणि हे कुणालाही दिसू नये म्हणून ते एका मजल्यावर थांबून वीजमीटरचे आकडे वाचत राहिले.

पाडव्याच्या आदल्या दिवशी कूलर माळ्यावरून उतरला. यंत्र असल्यामुळे तो खिडकीत बसेना, मग यंत्राच्या पाठीशी स्टुलावर ठेवावा लागला आणि त्याचं थंड, ओलं वारं शिखरावरून थेट चालकाच्या टाळूवर येऊ लागलं. अंकित येऊन जोडणी करून गेला. पुष्कर समृद्धी महामार्गाने स्वतःची गाडी चालवत दुपारी पोचला.

त्याने कळसापासून पेडलांपर्यंत यंत्र बघितलं. मग आईकडे बघून म्हणाला, “हे काय आहे?”

“बाबांची गाडी,” इंदुताई म्हणाल्या. “उद्या पूजा आहे तिची.”

आणि खरोखरच त्यांनी पूजा केली. नवं वाहन घरात आलं की जे करायचं ते सगळं. गुढी उभारून झाल्यावर स्टिअरिंगला हार घातला, पडद्यावर कुंकवाचं स्वस्तिक काढलं, नारळ फोडला. चाकाखाली लिंबू ठेवायचं, तर चाक नव्हतं. इंदुताईंनी खाली वाकून कुंकवाचा ठिपका लावलेली दोन लहानशी लिंबं दोन्ही पेडलांखाली एकेक सारली.

“गाडी निघाली की चिरडतील आपोआप,” त्या म्हणाल्या.

कृष्णकांतराव पाटाशी खुर्ची ओढून बसले. मागे पुष्कर, यमुताई आणि, कोण जाणे कशासाठी, सचिव ठवकर. कूलरचं वारं टाळूवर येत होतं. पडद्यावर तीन दिवे लागले, तिसरा हिरवा झाला, आणि पस्तीस वर्षं मधल्या मधे गळून पडली.

गाडी सुटली. ताडाची झाडं, निळा समुद्र, लांब वळण. त्यांनी वळण दिसताच ब्रेक लावला, हलकेच, जसा लावायला हवा तसा, आणि बाहेर पडताना गती घेतली. पुन्हा वळण, पुन्हा ब्रेक. हातांना सगळं आठवत होतं. समोरच्या गाड्या मागे पडत गेल्या. “अरे बापरे,” पुष्कर म्हणाला. पुढचं वळण, ब्रेक. बोगदा, ब्रेक. यमुताई टाळ्या वाजवू लागल्या. शेवटच्या उतारावर एक ट्रक आडवा आला, त्यांनी ब्रेक करकचून दाबला आणि गाडी ट्रकच्या शेजारून वाऱ्यासारखी निघून अंतिम रेषेपार गेली. पडद्यावर आकडे चढत चढत सर्वांत वर गेले आणि यंत्राने नावाची तीन अक्षरं विचारली.

ठवकरांनी पुढे होऊन त्यांचा हात हातात घेतला. “मानलं, साहेब. एवढी स्पीड आन कुठंच कमी नाई केली.”

कृष्णकांतरावांना ते वाक्य जरा उशिरा कळलं. कुठेच कमी नाही केली? त्यांनी तर सात वळणांवर कमी केली होती. ट्रकपाशी तर करकचून. त्यांनी खाली बघितलं.

उजव्या पेडलाखालचं लिंबू पार चेंदामेंदा झालं होतं. रस पाटावरून वाहत त्यांच्या तळपायापर्यंत आला होता आणि त्यांना तो जाणवलाही नव्हता. डाव्या पेडलाखाली, ब्रेकखाली, दुसरं लिंबू होतं. पिवळंधमक, गोल, कुंकवाचा ठिपका जसाच्या तसा. अख्खं.

“बाबा,” पुष्कर म्हणाला. “मी चुकलो. मी उगाच घाई केली. उद्या माझी गाडी घ्या, आईला घेऊन कोराडीला जाऊन या. तुम्हीच चालवा.” आणि त्याने खिशातून किल्ली काढून त्यांच्यासमोर धरली.

आठ महिने या वाक्यासाठी त्यांनी झोप घालवली होती. शब्दन् शब्द तोच होता. किल्ली नाकासमोर लटकत होती आणि तिच्या पलीकडे, स्वयंपाकघराच्या दारात, इंदुताई ओटीसाठी नारळ उजव्या हातातून डाव्या हातात घेत होत्या, कारण उजव्याला वजन पेलत नव्हतं.

“नको,” कृष्णकांतराव म्हणाले. “तुझ्या गाडीला क्लच नाही. मला तसल्या गाडीची सवय नाही.”

“अहो बाबा, उलट सोपं असतं.”

“नको म्हटलं नं.”

पुष्करने किल्ली खिशात ठेवली. त्याच्या चेहऱ्यावर, अगदी क्षणभर, सुटकेसारखं काहीतरी येऊन गेलं. ते त्यांनी बघितलं.

सगळे श्रीखंड-पुरीला आत गेले. ते तिथेच बसून राहिले. इंदुताई फडकं घेऊन पाट पुसायला आल्या. आधी चिरडलेलं लिंबू उचललं, मग दुसरं. ते त्यांनी उदबत्तीच्या खणात ठेवलं.

“इंदू, मी ब्रेकच दाबत होतो गं,” ते हळूच म्हणाले.

“त्या दिवशीही हेच म्हणाला होतात.”

“तुला माहीत होतं?”

“मी शेजारीच बसले होते नं. तुमचा पाय मला दिसत होता.” त्यांनी पाटाचा कोपरा नीट पुसला. “म्हणून तर हात पुढे केला.”

हातब्रेककडे. आठ महिन्यांत हे त्यांच्या डोक्यात आलं नव्हतं. इंदुताईंच्या मोडलेल्या हाताबद्दल त्यांनी साऱ्या गावाला काय काय सांगितलं ते एकेक आठवत गेलं आणि त्यांना स्वतःची अशी लाज वाटली जशी कधी वाटली नव्हती. त्यांनी इंदुताईंच्या हातातून फडकं घेतलं आणि उरलेला पाट स्वतः पुसला. चौतीस वर्षं लिहिण्यात गेलेल्या माणसाला एक वाक्य सुचलं नाही.

संध्याकाळी उन्हं उतरल्यावर कृष्णकांतराव ते अख्खं लिंबू घेऊन खाली गेले. फाटकापाशी कुणी नव्हतं. खांब होता, नकाशात असेल तिथेच, गाडीच्या पांढऱ्या रंगाचा एक पट्टा अंगावर घेऊन. त्यांनी इकडेतिकडे बघितलं, वाकून लिंबू खांबाच्या पायथ्याशी ठेवलं, क्षणभर उभे राहिले आणि वर आले. एक चप्पल तिथेच राहिली होती. ती यमुताईंनी आणून दिली.

दुसऱ्या दिवशी परिपत्रक फिरलं. ‘मुख्य फाटकाच्या खांबाशी अज्ञात इसमाने कुंकू लावलेले लिंबू ठेवल्याचे आढळले आहे. सुशिक्षितांच्या सोसायटीत असले करणी-भानामतीचे प्रकार शोभत नाहीत. सर्व सभासदांनी वाचून सही करावी. प्रेमानंद ठवकर, सचिव.’

शिपाई सवयीने दाराशी खाली बसला. कृष्णकांतरावांनी चष्मा लावला, परिपत्रक पहिल्या शब्दापासून शेवटपर्यंत वाचलं, पेनाचं टोपण काढलं आणि आपल्या नावापुढे नुसती सही केली.

शिपायाने कागद बघितला, उलटा करून मागची बाजू बघितली आणि विचारलं, “साहेब, तब्येत बरी आहे नं?”